फ्रोजन सॅल्मन गावात आणावा का? आणून, तव्यावर करून, संत्र्याच्या ग्लेझसोबत खाऊन लिहिलेला रिव्ह्यू

आधीच सांगून टाकते, हा मासा घ्यायच्या लायकीचा आहे. महाग आहे, नागपूरवरून आणा लागते, लाइनीचा, म्हणजे विजेचा, भरोसा नाही अशा गावात तो सांभाळणं हे वेगळंच काम आहे, तरी पण ड्युटीवरून सहा-साडेसहाला घरी आल्यावर अर्ध्या तासात पोट्टे, सासूबाई, आमचे हे सगळे ताटावर बसले आणि कोणालाच काटे काढत बसा लागलं नाही, असं मासोळीचं जेवण मला दुसऱ्या कोणत्या मासोळीनं दिलं नाही. रिव्ह्यू थोडा लांब होईल, कारण व्हिडिओत जे दाखवतात ते सगळं ओव्हनवाल्या किचनसाठी असते आणि आपल्याकडे गॅस, तवा अन् सराटा, म्हणजे उलथनं.

आम्ही साकोलीच्या बाजूला राहतो, भंडारा जिल्हा. मासोळी आम्हाला नवीन नाही हे सांगायची गरज नाही, तलावांचाच जिल्हा आहे हा. गोंड राजांच्या काळात कोहळी लोकांनी बांधलेले मालगुजारी तलाव अजून पाणी देतात अन् मासोळी पण देतात. बाजाराच्या दिवशी ढिवर बाया टोपल्यात रोहू, कतला, मरळ, झिंगे घेऊन बसतात, मरळ तर जिवंतच असते. त्याच्यापेक्षा ताजं काही मिळत नाही आणि मी ते सोडणार पण नाही. पण रोहू-कतल्याचं एक आहे, त्यांच्या मांसात आतमध्ये दोन फाट्यांचे बारीक काटे असतात, ते मधल्या हाडाला जोडलेले नसतात म्हणून कितीही चांगली कापा, ते राहतातच. लहान पोट्ट्याला भरवताना प्रत्येक घास बोटानं चाचपून द्या लागते. त्यात खवले काढा, धुवा, मसाला वाटा, रस्सा शिजवा. रविवारी ठीक आहे, बुधवारी संध्याकाळी ते होत नाही बाप्पा.

आता वस्तूबद्दल. मी घेतलं ते व्हॅक्यूम पॅकमधलं, कातडीसकटचे दोन तुकडे, मिळून 400 ग्रॅमच्या आसपास, मागच्या बाजूला नॉर्वेचा माल असं छापलेलं. नागपूरच्या एका फ्रोजन दुकानातून आणलं. किलोचा हिशोब काढला तर तीन हजारांच्या जवळ जाते, आणि आमच्याकडे त्या पैशात रोहू किती येईल ते तुम्हीच मोजा. भारतात समुद्राचा सॅल्मन होत नाही, थंड पाण्याचा मासा आहे तो, नॉर्वेवाले 1970 च्या सुमारापासून फियोर्डमध्ये, म्हणजे समुद्राचा जो फाटा डोंगरातून आत घुसतो त्यात, जाळ्याचे मोठे पिंजरे लावून पाळतात. तिथून इथपर्यंत थंड ठेवून आणायचं म्हटलं की भाव चढणारच, त्याच्यात दुकानदाराला दोष देत नाही मी.

घेताना एक गोष्ट मात्र नक्की पहा. बऱ्याच ठिकाणी इंडियन सॅल्मन लिहिलेलं असते आणि भाव एकदम कमी दिसते. तो रावस आहे. मुंबई-कोकणात लोक जिवापाड खातात तो, चांगलाच मासा आहे, पण सॅल्मनचा तो दूरचा पण नातेवाईक नाही, मांस फिकट, चरबी कमी, तव्यावरचं वागणं वेगळं. रावस पाहिजे तर रावस म्हणून घ्या, पैसे पण रावसाचेच द्या. खऱ्या सॅल्मनचा जवळचा भाऊबंद आपल्या देशात ट्राउट आहे, काश्मीर, हिमाचल, उत्तराखंडकडे थंड पाण्यात पाळतात, फ्रोजनमध्ये कधी दिसला तर तो पण याच पद्धतीनं होते, फक्त तुकडा पातळ असते म्हणून वेळ कमी लागते.

पॅकेटवर वजन पाहताना अजून एक. काही फ्रोजन मासोळीवर कंपनीवाले मुद्दाम बर्फाचा पातळ थर देतात, मासोळी सुकू नये म्हणून, त्याच्यात काही खोटं नाही, पण छापलेलं निव्वळ वजन त्या बर्फाशिवायचं पाहिजे. आणि पॅकेटच्या कोपऱ्यात पाणी साचून परत गोठलेलं दिसत असेल, बर्फाचे मोठे मोठे खडे असतील, तर ते पॅकेट मधात कुठंतरी वितळून पुन्हा गोठलेलं आहे, घेऊ नका. मला एका ऑनलाइनवाल्याकडून असंच पॅकेट आलं होतं, तव्यावर टाकलं तर तुकडा पार भुसभुशीत झाला, पाणी सुटलं, वास पण चांगला नव्हता, फेकून द्या लागलं. एवढ्या पैशाची वस्तू फेकताना जिवावर येते. तेव्हापासून मी दुकानात जाऊन हातात धरून, दाबून, पाहूनच घेते.

आणायचं कसं, हा गावातल्या माणसासाठी खरा प्रश्न. नागपूर ते साकोली हायवेनं शंभरेक किलोमीटर आहे, एसटीनं किंवा ट्रॅव्हल्सनं दोन-अडीच तास तरी धराच, वरून स्टँडवर थांबणं वेगळं. दुकानवाल्याला सांगितलं तर थर्माकोलच्या डब्यात बर्फाच्या पिशव्या टाकून, चिकटपट्टी लावून देते, त्याचे थोडे पैसे वेगळे घेते, ते द्या, तिथं वाचवू नका. नागपुरातलं बाकीचं सगळं काम आटपून, गाडीत बसायच्या आधी शेवटी दुकानात जायचं. मे महिन्यात तर मी आणतच नाही, आमच्याकडचं ऊन 45 च्या वर जाते, त्याच्यात डबा किती वेळ तग धरेल सांगता येत नाही. हिवाळा सगळ्यात चांगला. घरी आल्यावर सरळ फ्रीझरमध्ये, आणि लाइन गेली तर फ्रीझरचं दार कोणी उघडायचं नाही हे पोट्ट्यांना सांगून ठेवायचं. बंद दाराचा, भरलेला फ्रीझर बराच वेळ गार राहते, अर्धा रिकामा असला तर लवकर उतरते, म्हणून मी उरलेल्या जागेत पाण्याच्या बाटल्या गोठवून ठेवते.

करायच्या आदल्या रात्री पॅकेट फ्रीझरमधून खाली घ्यायचं. व्हॅक्यूमचं प्लास्टिक फाडून, तुकडे ताटलीत काढून, वरून झाकून फ्रिजच्या खालच्या कप्प्यात. प्लास्टिकमध्ये तसंच ठेवून हळूहळू वितळवायचं नसते, हवा नसलेल्या पॅकमध्ये मासोळीत वाढणारे काही धोक्याचे जंतू असतात, त्यांना नेमकी हवा नको असते. किचनच्या ओट्यावर तर बिलकुल ठेवू नका. आदल्या रात्री विसरलात तर पॅकेट बंद ठेवून गार पाण्याच्या गंजात, म्हणजे पातेल्यात, अर्धा-पाऊण तास बुडवा, मधात पाणी बदला, आणि वितळलं की लगेच करा. गरम पाणी नको, बाहेरून शिजून जाते आणि आत बर्फ तसाच.

पहिल्यांदा ताटलीत पाहिलं तेव्हा सासूबाई म्हणाल्या, वो माय, रंग टाकला का याले? मला पण तेच वाटलं होतं. तर तो रंग खाण्यातून येते. समुद्रात मोकळा फिरणारा सॅल्मन झिंग्यासारखे बारीक जीव खाते, त्यांच्यात ॲस्टाझँथिन नावाचा लालसर घटक असते, तो मांसात उतरते. पाळलेल्याला तोच घटक खाद्यातून देतात. म्हणजे वरून फासलेला रंग नाही, धुतला तर जात नाही, शिजवल्यावर फिकट गुलाबी होते. मधात ज्या पांढऱ्या रेघा दिसतात ती चरबी, आणि या माशाची खरी किंमत त्या चरबीतच आहे. ओमेगा-3 म्हणतात ते त्याच्यातच असते, आपल्या रोहूपेक्षा किती तरी जास्त, आणि व्हिटॅमिन डी पण.

त्या चरबीमुळेच माझं पक्कं मत झालं आहे की याला आपला रस्सा करू नये. सावजी मसाला टाकून तर्रीवाला रस्सा मला पण जीव की प्राण आहे, पण तो मसाला मटणासाठी, फार तर मरळीसाठी. सॅल्मनची स्वतःची चव थोडी लोण्यासारखी, बेताची असते, खसखस, खोबरं, काळा मसाला पडला की ती सापडतच नाही, मग तीन हजाराच्या भावाचा मासा कशाला, दोनशेचा आणा ना. याला थोडं गोड, थोडं खारं, थोडं आंबट असं पातळ लेप पाहिजे, वरच्या वर चमकणारं, म्हणजे ग्लेझ. जपानी लोक सोया सॉस, साखर आणि तांदळाच्या गोड दारूचं करतात. आपल्याकडे संत्रा आहे की.

माझं ग्लेझ असं: दोन तुकड्यांसाठी दोन चमचे सोया सॉस, एक मोठा चमचा किसलेला गूळ, अर्धी वाटी संत्र्याचा गाळलेला रस, चार-पाच लसणाच्या कळ्या ठेचून, बोटाच्या पेराएवढं अद्रक किसून, आणि अर्धा छोटा चमचा भिवापुरी तिखट. रस काढताना बिया आणि पांढरी साल चिरडू देऊ नका, कडवट होते आणि आटवल्यावर तो कडूपणा अजून वाढते. हे सगळं छोट्या गंजात मध्यम आचेवर अर्ध्यापेक्षा कमी होईपर्यंत आटवायचं, चमच्याच्या पाठीवर थर धरला की बंद. थंड झाल्यावर अजून घट्ट होते, म्हणून पातळ असतानाच थांबा. कॉर्नफ्लोअर टाकायची गरज नाही, टाकलं तर हातगाडीच्या मंचुरियनसारखं दिसते. मीठ वरून अजिबात नाही, सोया सॉसमध्ये भरपूर असते. शेवटी अर्ध्या लिंबाचा रस, तो आच बंद केल्यावरच.

गुळाऐवजी मध चालते, नवेगावबांधकडून कधी जंगलातला मध येते आमच्याकडे, त्याचा वास वेगळाच येते आणि मला तो आवडला, पण पोट्ट्यांना गुळाचंच पाहिजे. संत्रा आंबिया बहाराचा असला तर, म्हणजे ऑक्टोबर ते डिसेंबर, थोडा आंबट असते, गूळ चमचाभर पुरते. मृग बहाराचा फेब्रुवारी-मार्चमधला गोड लागते, तेव्हा गूळ कमी करा. संत्रा नसेल त्या महिन्यांत बाटलीतलं संत्र्याचं शरबत वापरू नका, त्याच्यात साखरच जास्त असते, त्याच्यापेक्षा लिंबू आणि पाणी बरं.

आता तवा. कातडी कापडानं टिपून एकदम कोरडी करायची, याच्यात आळस केला तर चिकटतेच. नॉनस्टिक असेल तर नॉनस्टिक, माझ्याकडे डोशाचा बिडाचा तवा आहे, चांगला मुरलेला, त्याच्यावर पण होते. एक चमचा फल्लीचं, म्हणजे शेंगदाण्याचं, तेल, जास्त नको, मासा स्वतःचं तेल सोडते. तवा चांगला तापला की कातडीची बाजू खाली, सराट्यानं पंधरा-वीस सेकंद हलकं दाबून धरा नाही तर कातडी आखडून तुकडा वाकडा होते. मग आच मध्यम, आणि हात लावायचा नाही. बाजूनं पाहत राहा, खालून वर रंग बदलत जाते, गडद केशरीचा फिकट गुलाबी होत होत चढते. इंचभर जाडीच्या तुकड्याला पाच-सहा मिनिटं लागतात. रंग तीन हिस्से वर चढला की उलटा, दुसऱ्या बाजूला दीड-दोन मिनिटं. आता ग्लेझ ओता, चमच्यानं उचलून उचलून वरून टाकत राहा, मिनिटभर, बुडबुडे जाड झाले की गॅस बंद.

ग्लेझ शेवटीच टाकायचं. आधी टाकलं तर गूळ मासा शिजायच्या आधी जळते, तवा काळा, कडू वास, आणि आत मासा कच्चा. आदल्या रात्रीपासून सोया-गुळात मुरवून ठेवायला पण काही व्हिडिओत सांगतात, ओव्हनमध्ये चालत असेल, तव्यावर मला ते पटत नाही, ओल्या गोड लेपानं कातडी कुरकुरीत होतच नाही.

शिजताना बाजूनं पांढरं पांढरं काहीतरी बाहेर येते, दह्याच्या गाठीसारखं. मासा खराब नाही, ते त्याच्यातलं प्रोटीन आहे, आच जास्त झाली की जास्त निघते. पुसून टाका किंवा ग्लेझखाली झाकून जाते. शिजला का नाही ते पाहायला काट्याच्या चमच्यानं सगळ्यात जाड जागी हलकं उघडा, पापुद्रे सुटून यायला लागले, आतला चमकदार कच्चेपणा गेला की झालं. हॉटेलवाले मधात थोडा कच्चट ठेवतात, परदेशात तसा आवडते लोकांना, पण अमेरिकेच्या सरकारी सल्ल्यात आतपर्यंत 63 डिग्री सेल्सियस सांगितलं आहे आणि घरी लहान पोट्टे आणि सत्तरीच्या सासूबाई आहेत म्हणून मी पूर्ण शिजवूनच देते. फक्त त्याच्यापुढे नेऊ नका, दोन मिनिटं जास्त झाली की कोरडा पडते आणि मग सगळी मेहनत, पैसा, थर्माकोलचा डबा, सगळं वाया.

काटा नाही म्हटलं तरी तुकड्यावरून बोट फिरवून पाहाच, कधी कधी मधल्या रेषेत दोन-चार उभे काटे राहून जातात, चिमट्यानं ओढले की येतात.

सोबत भातच, पोळी नाही. आमच्याकडे एचएमटी असतेच, नागभीड तालुक्यातल्या नांदेड गावच्या दादाजी खोब्रागडेंनी आपल्या बांधीत, म्हणजे भाताच्या शेतात, निवडून निवडून काढलेलं धान, आज कुठं कुठं लावतात ते, आणि तो माणूस 2018 मध्ये गेला तेव्हापर्यंत त्याच्या हाती काही फार पडलं नव्हतं याचं मला नेहमी वाईट वाटते. बारीक, मोकळा भात, त्याच्यावर तव्यातलं उरलेलं ग्लेझ, मासोळीचा तुकडा, वरून बारीक चिरलेला सांबार, म्हणजे कोथिंबीर, आणि भाजलेली तीळ. बाजूला काकडीच्या चकत्या लिंबू-मीठ लावून. चिन्नोर तांदूळ असला तर मी मुद्दाम वापरत नाही, त्याचा स्वतःचा सुगंध एवढा आहे की सोयाचा वास आणि तो एकमेकांच्या अंगावर जातात. हिवाळ्यात लाखोरीची कोवळी भाजी लसणाची फोडणी देऊन बाजूला ठेवली, ते पण फार चांगलं जुळलं, थोडी तुरट भाजी अन् गोडसर मासा.

घरच्यांचं मत: पोट्टे ताट चाटून मोकळे, मोठीनं कातडी पण खाल्ली आणि लहान्याच्या ताटातली पण मागितली. आमचे हे म्हणाले चव एक नंबर पण पोट भरल्यासारखं वाटत नाही, त्यांना रस्सा पाहिजे, ते मी समजू शकते, म्हणून त्यांच्यासाठी सोबत पातळ वरण केलं. सासूबाईंनी अर्धा तुकडा खाल्ला, गोड मासोळी त्यांना पटली नाही, पण दात नसल्यामुळे एरवी मासोळी टाळतात त्या, ही त्यांना आरामात खाता आली, हे माझ्यासाठी मोठं आहे.

चार माणसांना दोन मोठे तुकडे अर्धे अर्धे करून पुरतात, भात आणि वरण असेल तर. तरीपण हजार-बाराशेचं एक जेवण झालं, त्याच्यामुळे दर आठवड्याला नाही, वाढदिवस, रिझल्ट, पाहुणे असं काही असलं तर किंवा नागपूरला जाणं झालंच तर. एरवी हेच ग्लेझ मी मरळीवर करते. मरळीत काटे कमी असतात, मांस घट्ट, आणि बाजारातल्या बाईला सांगितलं की ती पाठीच्या दोन फाका करून देते. फक्त मरळीत चरबी नाही, म्हणून तेल दुप्पट घ्या, आच कमी ठेवा आणि ग्लेझ थोडं पातळच ठेवा, नाही तर कोरडी लागते. खरं सांगायचं तर सॅल्मनचा मऊपणा त्याच्यात येत नाही, पण बुधवारच्या संध्याकाळी पाचशेच्या आत होते आणि ताजी असते. रोहूवर करू नका, गोड ग्लेझमध्ये चिकटलेले काटे शोधायला अजून कठीण जाते.

उरलं तर दोन तासांच्या आत झाकून फ्रिजमध्ये, दुसऱ्या दिवशी परत तव्यावर गरम करू नका, घट्ट होते आणि वास घरभर फिरते. थंडच कुस्करून, कांदा, सांबार, हिरवी मिरची, लिंबू टाकून उरलेल्या भातात कालवा. मी डब्यात तेच नेते. आणि कच्चा वितळलेला तुकडा एखादा उरला तर परत फ्रीझरमध्ये टाकायचा नाही, त्याच दिवशी शिजवूनच ठेवायचा.